बोटावरील आकडा आणि त्यामागची माणसे

करोनाच्या महासाथीत आपल्याकडील असंख्य घरांत एक नवे यंत्र आले. बोटाला चिमट्याप्रमाणे लावावयाचे, क्षणभर थांबावयाचे आणि छोट्याशा पडद्यावर उमटलेला आकडा वाचावयाचा. आकडा पंचाण्णवच्या वर असला की घरातील माणसांच्या जीवात जीव येई. नव्वदच्या खाली घसरला की खाटेसाठी आणि रुग्णवाहिकेसाठी धावाधाव सुरू होई. २०२० पूर्वी ‘पल्स ऑक्सिमीटर’ हे नाव रुग्णालयाबाहेर फारसे कोणाच्या कानांवर नव्हते. आज ते यंत्र अनेक घरांत कपाटाच्या खणात पडून असेल. वैद्यकीय क्षेत्रात शिरकाव केलेली कृत्रिम बुद्धिमत्ता आणि इंटरनेटशी जोडलेली उपकरणे यांचा विचार करताना आम्हांला प्रथम त्या खणातल्या यंत्राकडेच वळावेसे वाटते. कारण आज विचारल्या जाणाऱ्या मोठमोठ्या प्रश्नांचे बीज त्या चिमट्यात आहे.

या यंत्रामागील कल्पना १९७० च्या दशकात ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याला सुचली. ते खरे तर हृदयातून किती रक्त वाहते हे प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याच्या प्रयत्नात होते आणि नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या मोजमापात सतत व्यत्यय येत होता. तो व्यत्यय दूर करता करता त्यांच्या ध्यानात आले की, ठोक्याबरोबर होणाऱ्या या चढउतारावरूनच धमनीतील रक्तात प्राणवायू किती आहे हे कळू शकेल. प्राणवायूने समृद्ध असलेले रक्त तांबडा प्रकाश बऱ्याच अंशी पार जाऊ देते व अवरक्त प्रकाश अधिक शोषते. प्राणवायू कमी असलेल्या रक्ताची रीत याच्या उलट असते. दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर काढले की काम झाले, असे आपल्याला वाटेल. परंतु त्या गुणोत्तराचे ‘शेकडा अमुक’ या आकड्यात रूपांतर करण्यासाठी एक कोष्टक लागते. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायू असलेली हवा श्वसनासाठी देऊन, त्याच वेळी त्यांच्या धमनीतील रक्त तपासून, ते तयार केले जाते. म्हणजे पडद्यावरचा आकडा आपला असला, तरी मोजपट्टी दुसऱ्या माणसांच्या शरीरांवरून आखलेली असते.

हे स्वयंसेवक बहुतांशी गोऱ्या कातडीचे असतील तर काय होईल? सावळ्या व काळ्या त्वचेतील रंगद्रव्यामुळे यंत्र फसू शकते, असा इशारा १९९० मध्येच एका अभ्यासातून मिळाला होता. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी पडताळून पाहिल्या. बोटावरील यंत्र ९२ ते ९६ असा आकडा दाखवीत असताना रक्ततपासणीत प्रत्यक्षात प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली निघाला, असे प्रकार गोऱ्या रुग्णांच्या मानाने कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट आढळले. ज्यांच्यापर्यंत उपचार उशिरा पोहोचतात त्यांनाच यंत्र ‘सर्व ठीक आहे’ असे सांगत होते. या यंत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, इंटरनेट नव्हते. होते ते केवळ दोन दिवे आणि एक कोष्टक. आता त्या कोष्टकाच्या जागी लक्षावधी छायाचित्रांतून शिकलेला संगणक येऊन बसला आहे. तो कोणाकडून शिकला, आणि त्याने धोका दाखविल्यावर पुढे कोण उभे आहे, हे दोन प्रश्न आम्ही या लेखात धरून चाललो आहोत.

यांतील पहिल्या प्रश्नाला भारताने दिलेले एक उत्तर अभिमान वाटावा असे आहे. मधुमेह दीर्घकाळ अंगात राहिला की डोळ्यांच्या दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. रुग्णाला दिसेनासे होते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मात्र दृष्टिपटलाचे छायाचित्र वेळीच तपासले तर अंधत्व पुष्कळ अंशी टाळता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. एवढ्या डोळ्यांत डोकावून पाहण्याइतके नेत्रतज्ज्ञ कोठून आणावयाचे? २०१६ साली गुगलच्या संशोधकांनी १,२८,१७५ छायाचित्रे संगणकाला दाखवून हा विकार ओळखावयास शिकविले. ही छायाचित्रे अमेरिकेतील एका तपासणी उपक्रमातून व भारतातील तीन नेत्ररुग्णालयांतून आलेली होती. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराई येथे अवघ्या ११ खाटांवर सुरू केलेले अरविंद नेत्ररुग्णालय हे त्यांपैकी एक. या संगणकाच्या शिक्षणात आपल्या माणसांचे डोळे होते, ही गोष्ट लहान नव्हे.

याच प्रणालीची दवाखान्यांतील प्रत्यक्ष कसोटी पुढे थायलंडमध्ये झाली, आणि तिथे दुसरा प्रश्न पुढे आला. प्रयोगशाळेत जवळजवळ अचूक ठरलेले यंत्र ११ सरकारी दवाखान्यांत नेण्यात आले. तिथे छायाचित्रे काढीत होत्या त्या परिचारिका. डोळ्याचे छायाचित्र उत्तम यावे यासाठी खोली अंधारी हवी. बहुतेक दवाखान्यांत तशी खोलीच नव्हती. परिणामी तपासलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी सुमारे २१ टक्के छायाचित्रे यंत्राने ‘पुरेशी स्पष्ट नाहीत’ म्हणून नाकारली. इंटरनेटचा वेग मंदावला की रांग खोळंबे. छायाचित्र नाकारले गेले की रुग्णाने दूरच्या रुग्णालयात जाऊन तज्ज्ञाची भेट घ्यावी, असा नियम होता. ज्याचा दिवसाचा रोजगार बुडणार त्याला हे कसे सांगावे, असा पेच परिचारिकांपुढे पडला. काहींनी तर रुग्णांना या प्रयोगात सहभागी न होण्याचाच सल्ला दिला. २०२० साली हे सारे प्रामाणिकपणे प्रसिद्ध करण्यात आले, हे त्या संशोधकांचे मोठेपण म्हणावे लागेल. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना थायलंडची ही हकिकत परकी वाटणार नाही. वीज, अंधारी खोली, प्रवासभाडे, बुडालेली मजुरी या गोष्टी यंत्राच्या माहितीपत्रकात कधीच छापलेल्या नसतात.

आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचे उदाहरण क्षयरोगाचे आहे. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. छातीचे क्ष-किरण चित्र हा रोग हुडकण्याचा जुना व चांगला मार्ग. पण चित्र काढले तरी ते वाचणारा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी असेलच असे नाही. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी क्ष-किरण चित्र तज्ज्ञाऐवजी संगणकाकडून वाचून घेण्यास मान्यता दिली. या क्षेत्रात जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालींपैकी एक २०१६ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या ‘क्युअर डॉट एआय’ या कंपनीची आहे. ७ डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे वस्त्यांमध्ये नेण्यात आली. यंत्रच रुग्णाच्या दारी गेले, ही खरोखर स्वागतार्ह गोष्ट आहे.

आता ही प्रणाली काय करते ते नीट समजून घेऊ, कारण इथे एक महत्त्वाची बाब सहसा सांगितली जात नाही. संगणक ‘क्षयरोग आहे’ किंवा ‘नाही’ असे म्हणत नाही. तो एक गुणांक देतो. चित्रात क्षयाच्या खुणा जितक्या दाट, तितका गुणांक अधिक. कोणत्या गुणांकापुढील माणसाला थुंकीच्या तपासणीसाठी पाठवावयाचे ती रेषा माणसे आखतात. थुंकीतील जंतू जनुकीय पद्धतीने ओळखणारी ‘ट्रूनॅट’ ही चाचणी गोव्यातील कंपनीने विकसित केलेली असून तिला २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तथापि अशा प्रत्येक चाचणीला पैसा लागतो, वेळ लागतो. रेषा खाली ठेवली तर पुष्कळ निरोगी माणसे चाचणीच्या रांगेत उभी राहतील आणि चाचण्यांचा साठा संपेल. रेषा वर नेली तर खर्च वाचेल, परंतु रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील काही रुग्ण ‘तुम्हांला काही नाही’ असे ऐकून घरी जातील आणि घरातील लहानग्यांच्या शेजारी खोकत राहतील. किती रुग्ण निसटलेले चालतील, हा हिशेब अंदाजपत्रकाच्या बैठकीत होतो. गणित त्याचे उत्तर देत नाही. यंत्रावर बोट ठेवून ‘संगणकाने असे सांगितले’ असे म्हणणाऱ्यांना आपण विचारावयास हवे की, रेषा कोणी व कोठे आखली?

आणखी एक अडचण आहे. ज्यांना पूर्वी क्षय होऊन बरा झाला त्यांच्या फुप्फुसांवर व्रण राहतात, आणि या व्रणांना संगणक पुष्कळदा नवा रोग समजतो. वृद्धांच्या बाबतीतही असे घडते. अनुभवी डॉक्टर रुग्णाला एकच प्रश्न विचारतो: “पूर्वी कधी सहा महिन्यांचे औषध घेतले होते का?” चित्राला हा प्रश्न विचारता येत नाही. पंधरा वर्षांखालील मुलांसाठी तर ही मान्यताच नाही, कारण मुलांच्या छातीत क्षय वेगळ्या रूपाने दिसतो. मोहिमेच्या उत्साहात ही मर्यादा विसरली जाऊ नये.

संगणकाला काय शिकविले याइतकेच कशाचे उत्तर शोधावयास सांगितले, हेही महत्त्वाचे. अमेरिकेत कोट्यवधी लोकांच्या आरोग्यसेवेत वापरल्या जाणाऱ्या एका गणिती पद्धतीचा अभ्यास ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णांना अधिक देखभालीची गरज आहे हे तिने ओळखावे, अशी अपेक्षा होती. पण ‘गरज’ मोजता येत नाही म्हणून तिला ‘पुढील काळात होणारा खर्च’ ओळखावयास सांगितले होते. ज्याच्यावर आजवर खर्च झाला त्याला गरज अधिक, असे तिने मानले. कृष्णवर्णीय रुग्ण तितकेच, किंबहुना अधिक आजारी असूनही त्यांच्यावर खर्च कमी झालेला होता. साहजिकच ते यादीत मागे पडले. ही चूक दुरुस्त केली असता अतिरिक्त देखभालीस पात्र ठरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. या पद्धतीला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता, तरी असे झाले. आपल्याकडे दवाखान्यात न गेलेला आदिवासी, रजा न मिळालेली घरकामगार बाई, पैसे नाहीत म्हणून दुखणे अंगावर काढणारा मच्छीमार यांची नोंद कोणत्याही संगणकात खर्चाच्या रूपाने सापडणार नाही. ते निरोगी आहेत असा याचा अर्थ होईल काय?

इथवर वाचून आम्ही यंत्रविरोधी आहोत असा कोणाचा समज होऊ नये. स्वीडनमध्ये एक लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या स्तनकर्करोग चाळणीच्या प्रयोगात संगणकाची मदत घेण्यात आली. तज्ज्ञांचे चित्रे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी हलके झाले, आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कर्करोगही अधिक संख्येने सापडले. त्या प्रयोगात निर्णय मात्र डॉक्टरांचाच होता. याच्याच शेजारी पोलंडमधील निरीक्षण ठेवावे लागते. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे तिथले अनुभवी डॉक्टर काही महिने संगणकाच्या मदतीने काम करू लागले. त्यानंतर मदतीविना केलेल्या तपासण्यांत कर्करोगपूर्व गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले. हा एकच अभ्यास आहे, त्यावरून टोकाचे बोलू नये. तरीही ज्या दिवशी वीज नसेल त्या दिवशी डॉक्टरांची नजर शाबूत असावी, एवढी अपेक्षा रुग्णाने का बाळगू नये?

आता शरीराला जोडलेल्या आणि पुढे दूरवरच्या संगणकाला जोडलेल्या उपकरणांकडे वळू. १९५८ साली स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविण्यात आला. तो काही तासांतच बंद पडला. त्यानंतर आयुष्यात वीसहून अधिक उपकरणे बदलून घेत लार्सन २००१ पर्यंत जगले. ज्या शल्यविशारदाने व ज्या अभियंत्याने त्यांना जीवदान दिले त्या दोघांपेक्षा ते अधिक काळ जगले! आजचा पेसमेकर हृदयाच्या नोंदी उशाजवळच्या छोट्या यंत्रामार्फत रुग्णालयाकडे पाठवितो. दूर राहणाऱ्या रुग्णाची फेरी वाचते, बिघाड लवकर कळतो. पण ज्या दारातून नोंद बाहेर जाते त्याच दारातून कोणी आतही येऊ शकते. अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या हृदययंत्राची बिनतारी जोडणी या भीतीपोटी २००७ साली बंद करण्यात आल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या अंतर्गत आज्ञावलीत सुरक्षेसाठी सुधारणा करण्यास सांगितले. त्यासाठी रुग्णांना रुग्णालयात जावे लागले, काम मोजून तीन मिनिटांचे. कोणाच्या पेसमेकरवर प्रत्यक्ष हल्ला झाल्याची नोंद त्या वेळी नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

खरे हल्ले रुग्णालयांवर झाले आहेत. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याची झळ इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील २३६ पैकी ८० संस्थांना बसली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संगणक ठप्प झाले आणि नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. तेव्हा कागदावर काम करणे ज्यांना अवगत होते असे कर्मचारी तिथे होते. पुढच्या पिढीत ते असतील का?

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या वाचनाविना स्वतंत्रपणे निदान सांगणाऱ्या पहिल्या नेत्रतपासणी प्रणालीला परवानगी मिळाली, तेव्हा निदान चुकल्यास भरपाईची जबाबदारी आपली, असे सांगून ती बनविणाऱ्या कंपनीने तसा विमाही उतरविला. हे आम्हांला न्याय्य वाटते. निर्णय यंत्राचा आणि शिक्षा रात्रपाळीच्या परिचारिकेला, असे होता कामा नये. भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाची संगणकप्रणालीही कायद्याने ‘औषध’ या व्याख्येत येते. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला; त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने ‘आंतिक्वा एत नोव्हा’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात आरोग्यसेवेचा स्वतंत्र विचार आहे. निदानास मदत करणाऱ्या यंत्राचे त्यात स्वागत आहे. मात्र रुग्ण व शुश्रूषा करणारा यांच्यामधील नात्याची जागा यंत्राने घेतली तर आजारपणातील एकटेपणा वाढेल, आणि उपचाराचा निर्णय माणसाच्याच हाती असला पाहिजे, असे त्यात बजावले आहे. उत्तम उपचार श्रीमंतांपुरते उरण्याचा धोकाही त्यात नोंदविला आहे.

घरोघरी येऊ घातलेल्या उपकरणांविषयी थोडे व्यावहारिक सांगितले पाहिजे. मधुमेहींच्या दंडावर चिकटविण्याचा संवेदक आता आपल्याकडेही मिळतो. तो रक्तातील साखर मोजत नाही; त्वचेखालील द्रवातील साखर मोजतो, त्यामुळे जेवणानंतर किंवा व्यायामानंतर त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. झोपेत त्याच दंडावर भार पडला तर साखर एकाएकी उतरल्याचे खोटे दर्शन घडू शकते. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोटाला टोचून पडताळा घ्यावा. औषधाची मात्रा केवळ मोबाइलवरील सूचनेवरून बदलू नये. मुलगा आखाती देशात वा कॅनडात आणि आईवडील गावी, अशी आपल्याकडे कितीतरी कुटुंबे आहेत. आईच्या दंडावरील आकडा त्याला हजारो कोसांवर दिसतो आणि त्याच्या मनाला धीर येतो. पण रात्री दोन वाजता त्याचा मोबाइल वाजला तर तो तिथून कोणाला हाक मारणार? शेजारच्या कोणाकडे घराची दुसरी किल्ली आहे, साखर व ग्लुकोजची पूड कोणत्या डब्यात आहे, जवळचा कोणता दवाखाना रात्री उघडा असतो, हे उपकरण विकत घेण्याआधी दोन्ही घरी कागदावर लिहून ठेवावे.